पावाच्या जागी

कुतायसीत त्या हिवाळ्यात वीज यायची
लांबच्या पाहुण्यासारखी, न कळवता,
आणि चहा होण्याआधीच उठायची.
आम्ही पाच जण, अंगात कोट, बोटं उघडी,
लामारा बाईंच्या स्वयंपाकघरात
चित्रं काढायला शिकत होतो.

टेबलावर मांडणी रोज तीच.
कान तुटलेला मातीचा चंबू,
सुकून कोनाकोनांचं झालेलं डाळिंब,
दोन अक्रोड
आणि चार तास रांगेत उभं राहून मिळालेला
विटेएवढा पाव.
“काढून होईपर्यंत हात लावायचा नाही,” बाई म्हणायच्या,
“मग पाच तुकडे.”
सहाव्याचं कुणी विचारलं नाही.

चित्रांचा कोळसा केव्हाच शेगडीत गेला होता.
उरल्या होत्या टणक पेन्सिली,
कितीही दाबा, काळ्या न होणाऱ्या.
कागद म्हणजे बंद पडलेल्या मोटार कारखान्याच्या
हजेरीपटांची कोरी पाठ.

“बोटाने घासू नकोस गं.
सावली म्हणजे काजळी नव्हे, फासायला.
मुंगी डाळिंबावरून कशी जाईल, तशी रेघ ने.
उतारावर पाठोपाठ दुसरी, तिसरी, दाटीने.
माथ्यावर उजेड बसलाय ना,
तिथे पेन्सिल उचल.
त्याला धक्का लावू नकोस.
पलीकडे उतर.”

माझं डाळिंब नाण्यासारखं चपटं.
भोवती एकसारखी जाड रेघ,
कुंपणाची तार.
बाईंनी माझा हात धरून चंबूवर टेकवला.
गार होता तो, पोटापाशी खरखरीत.
“कड कुठे आहे, दाखव.”
मी बोट फिरवत राहिले.
जिथे संपला म्हणावं,
तिथून तो नुसता वळत होता.

तेवढ्यात वीज गेली.
बाई आत मेणबत्ती शोधायला.
काड्या दमट, एक पेटेना, दुसरी पेटेना,
आणि अंधारात कवच मोडल्याचा
अगदी बारीक आवाज.

मेणबत्ती आली तेव्हा
चंबू होता, डाळिंब, अक्रोड.
टेबलावर थोडा चुरा.

ओतियाच्या कोटाची डावी बाजू फुगलेली.
महिनाभर आम्ही दुसरं काय शिकत होतो?
कापडाखाली काय आहे ते
कापडाच्या वळणावरून ओळखायला.
पाचही जणांना दिसलं.
बाईंना तर सर्वांच्या आधी.
खाली जिन्यात त्याचा धाकटा भाऊ बसलेला असायचा,
तेही सर्वांना ठाऊक होतं.

बाईंनी मेणबत्ती चंबूच्या आड सरकवली,
शाल ओढून घेतली.
“पाव राहिलाय काढायचा,” म्हणाल्या.
“आठवून काढा.”

आम्ही आठवू लागलो.
भुकेला सगळं नीट आठवतं:
वरच्या कवचाची चीर, भाजलेला कोपरा,
कापलेल्या बाजूची भोकं.
मी एकेक रेघ
कवचावरून ओढत नेली, खाली उतरवली,
तोंडाला पाणी सुटलं
आणि पहिल्यांदाच माझ्या कागदावर
काहीतरी उचलता येईल असं जड झालं.

ओतियाने पाव काढलाच नाही.
टेबलाच्या लाकडाचे दोरे काढले, आडवे,
चंबूची लांब सावली,
चुऱ्याचा कण न् कण,
आणि प्रत्येक रेघ त्या जागेपाशी येऊन
थांबली.
मधे कोरा चौकोन,
अख्ख्या कागदात सर्वांत उजेडाचा.

बाई वाकून पाहत राहिल्या.
बराच वेळ.
मेण हातावर ओघळलं, तरी.
मग त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून म्हणाल्या,
“जा. जिना निसरडा आहे.”

तो कागद आता माझ्याकडे आहे, कसा आला ते असो.
खिडकीशी धरला की
पाठीमागची शाई त्या कोऱ्या जागेतून वर येते.
कुणी वार्लाम, रंगशाळा, दुसरी पाळी.
नावापुढे
बारीक, तिरक्या रेघांनी भरलेला
गैरहजेरीचा रकाना.